अबोला ओळखीचा वाटतो

बाबा चिडले की ओरडायचे नाहीत, गप्प व्हायचे. चार-चार दिवस. बाहेरून आल्यावर किल्ली टेबलावर ठेवतायत का आपटतायत यावरून मला कळायचं आज तोंड उघडायचं की नाही, आठ-नऊ वर्षांची असेन तेव्हा, पण त्या आवाजात माझी पीएचडी झाली होती म्हणा ना.

आणि मोठी होऊन प्रेमात कोणाच्या पडले, तर मेसेज वाचून तीन दिवस गायब होणाऱ्याच्या. मैत्रिणी म्हणायच्या सोड त्याला, मला वाटायचं किती डीप आहे हा! चौथ्या दिवशी त्याचं नुसतं 'हं' आलं तरी जीव भांड्यात पडायचा, आणि ते जीव भांड्यात पडणं म्हणजेच प्रेम असं मी धरून चालले होते. त्याच्या आधीचा एक जण सांगितलेल्या वेळी फोन करायचा. त्याला मी 'स्पार्क नाही' म्हणून कटवलं.

नंतर अटॅचमेंट थिअरीबद्दल वाचलं, लहानपणी आईबापांशी जसं नातं जुळतं त्याचा ठसा पुढच्या नात्यांवरही राहतो म्हणणारी ती. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थचा तो प्रयोग, साधारण वर्षाचं बाळ, आई थोडा वेळ खोलीबाहेर जाते, पण खरी गंमत ती परत आल्यावर. काही बाळं बिलगतात आणि परत खेळायला लागतात, काही ढुंकून बघत नाहीत, आणि काही आईला धरूनही ठेवतात आणि रागाने ढकलतातही, शांत म्हणून होत नाहीत. ते तिसरं वाचताना मला घामच फुटला. 1987 मध्ये हेझन आणि शेव्हर या संशोधकांनी हेच मोठ्यांच्या प्रेमाला लावून बघितलं, तेही चक्क वर्तमानपत्रात प्रश्नावली छापून, आणि निम्म्याहून थोडे जास्त लोक पहिल्या गटातले निघाले. बाकीच्यांत आम्ही.

पण सगळं आईबापांवर ढकलायचं हे काही मला पटत नाही. भाऊ त्याच घरात वाढला ना, त्याला गप्प बसणाऱ्या माणसांचा उलट कंटाळाच येतो. लहानपणावरून मोठेपणीचं नातं सांगता येतं ते थोडंफारच, असं अभ्यासातही दिसतं.

आता ज्याच्यासोबत राहते तो बडबड्या आहे. परवा तो आला आणि किल्ली धाडकन वाजली, मी स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून तशीच उभी.

"अगं हातातून पडली," तो बाहेरून ओरडला, "तू आहेस ना घरात?"