बेळगावात चार रात्री फ्लॅट घेऊन राहिलो, त्याचा वृत्तांत (आणि तुम्ही कुठं घ्यावा ते)

मामेभावाच्या मुलीचं लग्न होतं मे महिन्यात. पुण्याहून आम्ही सात जण, त्यात माझी आई चौऱ्याहत्तरची, गुडघे गेलेले, आणि दोन पोरं जी हॉटेलच्या एका रूममध्ये अर्ध्या तासात एकमेकांचा जीव घेतात. भांदूर गल्लीतलं आईच्या माहेरचं घर कधीच विकलं, लग्नघरात गादी टाकायला जागा नाही, म्हणजे फ्लॅट घेणं आलंच.

दोन वर्षांपूर्वी असाच घेतला होता आणि फसलो होतो. हायवेला लागून, नवी बिल्डिंग, फोटो झकास, खाली लिहिलेलं किल्ला पाच मिनिटांवर. आता किल्ला चांगलाच आहे, आतलं कमल बस्ती हे जैन मंदिर 1204 सालचं, बघायलाच पाहिजे, पण माणूस किल्ल्यात किती वेळा जाणार? एकदा. आमची सगळी कामं शहापुरात साड्यांची, टिळकवाडीत मामाकडं, नाहीतर गणपत गल्लीत. दिवसातून तीनदा दोन-दोन रिक्षा, मीटरचं नाव काढायचं नाही, आधी भाव ठरवून बसायचं. वाचवलेले पैसे तिसऱ्या दिवशी रिक्षात गेले, आणि आई चार दिवस गॅलरीत बसून ट्रक मोजत राहिली, कारण एकटीनं खाली उतरून जायला तिथं काही नव्हतंच.

म्हणून यावेळी एकच अट धरली. आईला आपली आपण चप्पल घालून बाहेर पडता आलं पाहिजे.

नकाशावर बघून हे कळत नाही. बेळगावात अंतर किलोमीटरमध्ये मोजूच नका, मधे रेल्वे आहे का ते बघा. पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट, रिक्षावाले पत्ताही असाच सांगतात. तिसऱ्या गेटला आता पूल झालाय, पण बाकीच्या गेटांवर मालगाडी आली की नकाशातली सात मिनिटं विसरायची. तुमचे नातेवाईक, हॉल, बाजार ज्या बाजूला त्याच बाजूला राहायचं. आम्हाला शहापूर आणि टिळकवाडी दोन्ही लागणार होतं, म्हणून आरपीडी क्रॉस, गोवावेस, हिंदवाडी एवढ्याच पट्ट्यात शोधलं. मराठी सगळीकडं चालतं, भाजी, औषधं, इडलीवडा पायी मिळतो. अगदी बाजारात, खडेबाजार-गणपत गल्लीकडं घेऊ नका, दिवसा मजा येते पण गाडी लावायला जागा नाही आणि सामान घेऊन गल्लीत शिरायचं म्हणजे दिव्यच. कॅम्प, म्हणजे लष्करी छावणीचा भाग, शांत आहे, झाडी आहे, दोघंच असाल तर छान, पण म्हाताऱ्या माणसाला पायी जायला दुकानं लांब पडतात.

आधी एका फ्लॅटच्या मालकांना फोन लावला तर म्हणाले, "लिफ्ट हाय की ओ, काय काळजी करू नका." म्हटलं लाईट गेल्यावर? "मग तेवढं बंद पडतंय बघा." जनरेटर नाही, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. बिचारे खरं बोलले म्हणून पुढचं टळलं. शेवटी जुन्या बिल्डिंगमधला पहिल्या मजल्याचा घेतला, दोन बेडरूम, रात्रीला साडेतीन हजार, टाइल्स जुनाट, सोफा तर माझ्या लग्नाआधीचा असावा. आणि दुसऱ्याच संध्याकाळी वळीव असा आला की हेस्कॉमची लाईट दोन तास गायब. आई कठड्याला धरून बारा पायऱ्या चढून आली, शेजारच्या काकूंशी बोलतच. लिफ्टवाल्या तिसऱ्या मजल्यावर काय झालं असतं, सांगायला नको.

फोटोत बेड दिसतो, जिना दिसत नाही, म्हणून जिन्याचा आणि बाथरूमचा व्हिडिओ मागवाच. संडास कमोडचा आहे का हे विचारायला लाजू नका. पाण्याचं नीट विचारा, शहराला पाणी राकसकोप आणि हिडकलच्या धरणांतून येतं, पण नळाला सगळीकडं रोज येतंच असं नाही, बोअर आहे का, टाकी केवढी, आणि प्यायचं वेगळं आहे का. सात माणसं सकाळी आंघोळीला लागली की टाकीची अब्रू निघते. गॅस सिलिंडर अर्धा तरी भरलेला आहे का ते आल्याआल्या हलवून बघा, आमचा दुसऱ्या दिवशी सकाळी चहालाच संपला. आधारच्या झेरॉक्स सगळ्यांच्या ठेवा, मागतात. गुगलवर बेळगाव नाही तर बेळगावी टाकून शोधा, 2014 पासून सरकारी नाव ते आहे, फ्लॅट जास्त त्याच नावानं सापडतात.

तारखा मात्र आधी बघा, मग बाकीचं. डिसेंबरमध्ये इथल्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं, त्या दिवसांत अख्खं बंगळूर इथं उतरतं, खोली मिळणं मुश्कील आणि मिळाली तर भाव विचारू नका. अनंत चतुर्दशीला आणि शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला (आपली वैशाखातली, रात्रभर चालते) बाजारभागात गाडी आत-बाहेर होत नाही, बघायला यायचं असेल तर चालत पोचता येईल असाच फ्लॅट घ्या. 1 नोव्हेंबरला (कर्नाटकाचा राज्योत्सव, इथल्या सीमावासीय मराठी लोकांचा काळा दिवस) एमएच नंबरची गाडी घेऊन मी तरी येणार नाही. वातावरण तापलं की एसटीसुद्धा बंद होते.

फिरणं फार झालं नाही. संध्याकाळी पोरांना काँग्रेस विहीर दाखवायला नेलं, 1924 चं अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष झाले ते हेच एकमेव, त्याच वेळी पाण्यासाठी खोदलेली. धाकटा म्हणाला, "विहीरच आहे की." कुंदा (इथली दुधाची मिठाई) मात्र दोघांनी पाव किलो उभ्याउभ्या संपवला. गोकाक धबधब्याला मे महिन्यात जाऊ नका, आम्ही साठेक किलोमीटर जाऊन नुसता खडक बघून आलो. धबधब्यासाठी यायचं तर जुलै-ऑगस्ट, पण तेव्हा फ्लॅटला ओल आहे का ते विचारा, नाहीतर चार दिवस कपडे वाळत नाहीत.

आई रोज सकाळी सातला एकटी बाहेर. तिसऱ्या दिवशी भाजीवालीशी तिची भांदूर गल्लीतली ओळखसुद्धा निघाली, कुठल्यातरी चुलतजावेच्या माहेरची. परत यायला साडेनऊ, तिला वाटलेलं आम्ही सगळे झोपलोय म्हणून बाहेरून कडी लावून गेलेली, आणि आम्ही आत, हॉलवर हळदीला दहाला पोचायचं. शेजारच्या काकूंनी कडी काढली शेवटी. पुढच्या वेळी मालकांकडून दोन किल्ल्या मागून घेणार, आणि दाराला बाहेरून कडी असेल तर आईला आधीच सांगून ठेवणार.