अर्धा लाल, अर्धा हिरवा: बिनपाटीचा एक जपानी मेपल

ऑरेगनमध्ये पोर्टलंडच्या पश्चिमेला बीव्हर्टन आहे. तिथल्या एका मराठी कुटुंबाने घर विकत घेतलं, त्यासोबत पुढच्या अंगणातला जपानी मेपलही आला. झाडाला पाटी नव्हती, जुनी पावतीही नव्हती. फोनवर ताई म्हणाल्या, "आमचं ब्लडगुड हिरवं पडत चाललंय. लोह कमी पडलं असेल म्हणून दोनदा खत घातलं, पण फरक नाही. येऊन बघाल का?" ब्लडगुड म्हणजे जपानी मेपलचा गडद लाल पानांचा एक वाण.

जूनचा पहिला आठवडा होता. ओळखीसाठी याहून चांगली वेळ नाही. वसंतातली पालवी निबर झालेली असते, बिया लटकत असतात आणि इथल्या कोरड्या उन्हाळ्याने लाल रंग अजून उतरवलेला नसतो. ऑगस्टमध्ये आलात तर बरेच लाल मेपल तपकिरी-हिरवट दिसतात आणि निदान हमखास चुकतं.

झाड साधारण साडेचार मीटर उंच. रस्त्याकडची बाजू गडद लाल, पश्चिमेची हिरवीगार. फोनच्या अ‍ॅपने एका फोटोला जपानी मेपल म्हटलं होतं, दुसऱ्याला स्वीटगम, म्हणजे मेपलसारख्या पानांचं वेगळंच झाड. स्वीटगमची शंका तिथेच मिटवता येते: त्याची पानं फांदीवर एकाआड एक येतात, मेपलची समोरासमोर. शिवाय या मेपलच्या डहाळीच्या टोकाला बहुधा दोन डोळे जोडीने असतात. पान गळून गेल्यावर, हिवाळ्यातसुद्धा ही खूण उपयोगी पडते.

मग जात. बागांमध्ये 'जपानी मेपल' या नावाखाली मुख्यतः तीन जाती सापडतात. एसर पाल्मेटमच्या पानाला सहसा पाच ते सात बोटं, कधी नऊ. एसर जपोनिकम आणि एसर शिरासावानमची पानं जास्त गोल, बोटं नऊ-अकरा किंवा त्याहून जास्त. जपोनिकमच्या कोवळ्या देठावर लव असते, ती भिंगातून स्पष्ट दिसते. शिरासावानमच्या पंखाच्या बिया पानांच्या वर ताठ उभ्या राहतात. इथे लाल आणि हिरव्या दोन्ही बाजूंना सात बोटं, देठ गुळगुळीत, लाल बाजूच्या बिया पानांखाली लोंबत होत्या. म्हणजे पाल्मेटम, त्यात वाद नाही.

बहुतेक लोक इथून थेट पानांच्या चित्रांकडे वळतात. मी बुंध्याकडे वळतो. या झाडाभोवती सालीच्या तुकड्यांचं दहा सेंटिमीटर जाड आच्छादन खोडाला टेकवून रचलेलं होतं. ते हाताने बाजूला केलं (फावडं नको, साल नाजूक असते) आणि मातीच्या थोडं वर खोडाचा फुगीर कंगोरा दिसला. त्याच्या वर साल काळपट, खाली राखाडी-हिरवी आणि फिकट उभ्या रेघांची. हा कलमाचा सांधा. हिरव्या बाजूच्या दोन फांद्या, प्रत्येकी मनगटाएवढ्या, सांध्याच्या खालून निघाल्या होत्या. आच्छादनामुळे त्यांचं मूळ कुणाला दिसलंच नव्हतं.

"म्हणजे ही दोन झाडं आहेत?" ताईंनी विचारलं.

हो. कोकणात गावठी कोयीच्या रोपावर हापूसचं कलम बांधतात, तसंच हे. खाली बियांपासून वाढवलेल्या साध्या हिरव्या मेपलचा खुंट, वर निवडलेल्या वाणाची काडी. सांध्याखालचे फुटवे वेळेवर काढले नाहीत तर जोमदार खुंट वरच्या कलमाला मागे टाकतो. खताने हे बदलत नाही. उलट फुटवे अधिक माजतात.

झाड 'उलटलं', म्हणजे वाण मूळ रूपाकडे गेला, असं अशा वेळी सर्रास म्हटलं जातं. तसं होतं, पण मुख्यतः बटरफ्लायसारख्या पांढऱ्या कडांच्या वाणांत, आणि तिथे हिरवी फांदी सांध्याच्या वरून फुटते. म्हणून हिरव्या फांदीवर हात ठेवून ती थेट उगमापर्यंत चाचपत न्यावी. सावलीतली आतली पानं लाल झाडावरही हिरवट होतात, त्यामुळे नुसत्या रंगावर विसंबू नये.

खुंटाने आत्ताच उचल का घेतली, याचं उत्तर लाल खोडावर होतं. नैर्ऋत्येकडे हातभर लांब पट्ट्यात साल फाटून मेली होती. 28 जून 2021 रोजी पोर्टलंडमध्ये पारा 46.7 अंशांवर गेला होता. गुगलच्या नकाशातल्या रस्त्याच्या जुन्या छायाचित्रांत हे झाड त्याआधी पूर्ण लाल आहे, नंतरच्यांत बुंध्याशी हिरवं झुडूप आहे. भाजलेलं खोड मंदावलं आणि खालचे डोळे जागे झाले, असा माझा निष्कर्ष. फांद्या वाळवणाऱ्या व्हर्टिसिलियम बुरशीचीही शंका घ्यावीच लागते. एक वाळकी डहाळी आडवी कापून पाहिली, लाकडात काळपट-हिरवे डाग नव्हते.

आता लाल भागाचं नाव. सांधा आहे म्हणजे हा निवडलेला वाण आहे, बियांचं रोप नव्हे. बियांपासूनची लाल रोपंही बाजारात ब्लडगुड म्हणून विकली जातात, पण ब्लडगुडचं बी आईसारखं येत नाही. पान बघताना ते फांदीच्या मध्यभागातून घ्यावं. फुटव्यावरची पानं आणि उन्हाळ्यात आलेली दुसरी पालवी आकाराने फसवते. आम्ही झाडाच्या चार बाजूंची दहा पानं पांढऱ्या कागदावर मांडली, बाजूला पट्टी ठेवली, वरून आणि मागून फोटो काढले. रुंदी आठ सेंटिमीटरच्या आसपास, खाचा दोन-तृतीयांश खोल, कडा बारीक दातेरी आणि सपाट. झालरीसारखं चिरलेलं पान नाही, म्हणजे डिसेक्टम गटातली क्रिम्सन क्वीन, तामुकेयामा बाद. कडा खाली वळलेल्या नाहीत, म्हणजे ट्रॉम्पेनबर्ग बाद. वाढ खुजी, गुच्छेदार नाही, म्हणजे शायना बाद.

उरले ब्लडगुड, एम्परर वन, फायरग्लो आणि मूनफायर. बियांचे पंख झगझगीत लाल होते, हे ब्लडगुडच्या बाजूने जातं. पण एवढ्यावर नाव ठोकून देणं मला पटत नाही. हे वाण एका पानावरून वेगळे करता येतात असं सांगणारा माणूस घाई करतो आहे. एम्परर ब्लडगुडपेक्षा आठवडा-दोन आठवडे उशिरा पालवतो, तो फरक एप्रिलमध्येच कळेल. पोर्टलंडच्या हॉइट आर्बोरेटम या वृक्षोद्यानात मेपलचा स्वतंत्र संग्रह आहे. तिथे पाट्या लावलेल्या झाडांशेजारी पान धरून पाहणं कुठल्याही चित्रापेक्षा भरवशाचं.

हिरव्या फांद्यांचं काय? दोन्ही एकदम कापल्या तर आजवर सावलीत असलेलं भाजकं खोड पुन्हा पश्चिमेच्या उन्हात उघडं पडेल. म्हणून एक येत्या जुलै-ऑगस्टमध्ये, कोरड्या हवेत, दुसरी पुढच्या वर्षी. वर्षाला पाव हिश्शाहून जास्त पानोरा काढायचा नाही. वसंताच्या तोंडावर कापलं तर जखमेतून रस वाहत राहतो, आणि पावसात कापलं तर जिवाणूजन्य करप्याला वाट मिळते. आधी खालून एक काप, मग थोडं पुढे वरून, आणि वजन उतरल्यावर फांदीच्या गळपट्टीबाहेर (फांदी खोडाला मिळते तिथला फुगीर भाग) शेवटचा काप. करवत 70 टक्के अल्कोहोलने पुसायची, जखमेला रंग लावायचा नाही. आच्छादन पाच ते सात सेंटिमीटर पुरे, खोडापासून वीतभर दूर.

जाताना अ‍ॅल्युमिनियमची पाटी कोरून दिली: 'एसर पाल्मेटम, लाल, कलमी. ब्लडगुडसारखा, खात्री बाकी. हिरवा भाग खुंटाचा.' खाली तारीख. तार फांदीला आवळली की दोन-तीन वर्षांत सालीत रुतते, म्हणून पाटी खुंटीवर लावून ती बुंध्याशेजारी रोवली. मागची बाजू कोरी ठेवली आहे. एप्रिलमध्ये पहिलं पान ज्या दिवशी उघडेल, ती तारीख ताई तिथे लिहिणार आहेत.