दहावा कोंबडा

आखाड लागला की आमच्या पाटण तालुक्यात गावठी कोंबड्याला भाव चढतो. आधी मरीआईचा नैवेद्य, मग गटारी. तोच हिशोब धरून मी ३६ पिल्लं वाढवली होती. मानमोडीची लस चुकवली नव्हती, रोज संध्याकाळी मोजूनच आत घ्यायची.

त्या पहाटे आरवणं नेहमीसारखं नव्हतं, तेव्हाच पोटात गोळा आला. खुराड्याचं दार उघडलं तर दहा मेलेले. पिसं सगळीकडे, रक्त थोडंच. एकाचं मुंडकं गायब, आठांच्या मानेवर दात रुतलेले, अंगाला तोंडही लावलेलं नव्हतं. खालच्या कोपऱ्यात जाळी गंजून सुटली होती, जेमतेम मूठ जाईल एवढी फट. बाहेर चिखलात पाऊल उमटलेलं. मी खाली बसून बोटं मोजली, पाच. कुत्र्यामांजराच्या पावलाची चारच उमटतात. मुंगूस दिवसा फिरतं, म्हणजे हे उदमांजर.

पण दहाव्या कोंबड्याला जखमच नव्हती. पिसं उलटी करकरून बघितलं, काही नाही. हात थरथरायला लागले. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लूनं काय झालं ते ऐकून होते. बाकीचे कोंबडे परड्यात सोडले नाहीत, दवाखान्यात फोन केला.

तोवर वाडी जमली. दीर म्हणाले, "वहिनी, साफ करून वाटून टाकू." रात्री कधी मेले याचा पत्ता नाही, मी नाही म्हटलं. कुणी म्हणालं, ओढ्यात सोड. त्याच ओढ्यावर खाली दुसऱ्या वाडीची जनावरं पाणी पितात. शेजारचे तात्या हळूच म्हणाले, "जुनं थायमेट आहे माझ्याकडं, पिकातल्या किडीचं विष. एका कोंबड्याला लावून ठेव, उद्या बघ." गेल्या वर्षी असंच कुणीतरी ठेवलेलं खाऊन आमचा मोत्या फेस गाळत अंगणात मेला होता. "तात्या, उदमांजर राहील बाजूला, कुणाचं तरी कुत्रं मरंल," म्हटलं. शिवाय उदमांजराला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षण आहे, मारणं गुन्हाच. तात्यांना राग आला, येऊ दे.

डॉक्टर आले, दहावा कोंबडा फाडून बघितला. आजाराची खूण नव्हती. घाबरून सगळे एका कोपऱ्यात चढले, त्यात हा दबून मेला. मला रडू आलं ते तेव्हा.

मग खड्डा. पावसात हेच अवघड. परड्यात दोन फुटांवरच पाणी लागलं. विहीर आणि ओढा दोन्ही टाळून वरच्या माळाच्या कडेला आम्ही कमरेएवढं खणलं. दहाही कोंबडे आणि गोळा केलेली पिसं टाकली, गोठ्यात मारायला आणलेली चुन्याची भुकटी वर पसरली, माती दाबली. त्यावर करवंदीच्या काट्या आणि दगड. आत्या पावसात भिजत दगड देत होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत.

खुराड्याला त्याच दिवशी अर्ध्या इंची वेल्डेड जाळी मारली, खाली फूटभर मातीत गाडून बाहेरच्या बाजूला वळवली. कोंबडीजाळी कोंबडी आत ठेवायला ठीक, दातांपुढं टिकत नाही.

तिसऱ्या रात्री कोंबडे कलकलले. बॅटरी मारली तर जाळीपाशी दोन डोळे चमकले. ते खुराड्याभोवती फिरलं, कोपऱ्यात माती उकरून बघितली आणि फणसावर चढून गेलं. सकाळी माळावर जाऊन आले. काट्या होत्या तशाच होत्या. खुराड्यात २६ भरले.