स्ट्रिंगमधला, म्हणजे कोडमध्ये अवतरणचिन्हांत (कोटमध्ये) लिहिलेल्या मजकुरातला बॅकस्लॅश नक्की कोणासाठी असतो?

काल पायथनमध्ये एक फोल्डर काही केल्या उघडेना, पाथ (फोल्डरचा पत्ता) बरोबर, फोल्डर जागेवर, सगळं दोनदा तपासलं आणि शेवटी पाथ प्रिंट करून बघितला तर तो मधेच तुटून दोन ओळींवर आलेला! फोल्डरचं नाव न्यू, म्हणजे बॅकस्लॅशला लागूनच स्मॉल एन, आणि ती जोडी म्हणजे नवी ओळ. त्याच्या आतलं फोल्डर टेम्प, बॅकस्लॅश आणि स्मॉल टी ही जोडी म्हणजे टॅब, म्हणून तिथे टॅब घुसलेला.

मला वाटतं शिकवताना इथेच गडबड होते. एस्केप कॅरेक्टर्सचा, म्हणजे बॅकस्लॅशच्या अशा जोड्यांचा तक्ता पाठ करायला देतात, पण बॅकस्लॅश हा कोड वाचणाऱ्या प्रोग्रामसाठी असतो हे कोणी सांगतच नाही. "ती म्हणाली, \"थांब\"" असं लिहिलं तर मेमरीत बॅकस्लॅश जातच नाही, तो फक्त एवढंच सांगतो की बाबा हा कोट स्ट्रिंग संपवणारा नाही, पुढे वाच. "\\" ची लांबी मोजा, १ येते. हे एकदा स्वतः मोजून बघाच.

खरं तर हे चिन्ह या कामासाठी आलंच नव्हतं. संगणकतज्ज्ञ बॉब बेमर यांनी १९६१ मध्ये ते आस्कीसाठी (अक्षरांना आकडे ठरवून देणाऱ्या तक्त्यासाठी) सुचवलं ते अल्गोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतली 'आणि', 'किंवा'ची चिन्हं /\ आणि \/ अशी जुळवता यावीत म्हणून. सी भाषेच्या आधीच्या बी भाषेत एस्केपचं काम स्टार (*) करायचा.

आता रेजेक्स, म्हणजे मजकुरात ठरावीक नमुना शोधायची पद्धत. एक साधा बॅकस्लॅश शोधायला जावामध्ये "\\\\" असे चार लागतात, बघून घाबरायला होतं पण वाचणारे दोघं आहेत ना, आधी कंपायलर (कोड वाचणारा प्रोग्राम) चाराचे दोन करतो, मग रेजेक्स इंजिन दोनाचा एक. म्हणून मी आधी वाचणारे किती ते मोजतो आणि मगच बॅकस्लॅश टाकतो. एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत) मात्र युजरने टाइप केलेलं हाताने एस्केप करत बसू नका, प्लीज, पॅरामीटर वापरा, म्हणजे ते क्वेरीपासून वेगळं पाठवा, एक कोट सुटला तरी अख्खी क्वेरी दुसऱ्याच्या हातात जाते.

पायथनमध्ये कोटच्या आधी आर लावून रॉ स्ट्रिंग (बॅकस्लॅश जसाच्या तसा ठेवणारी) करता येते, पण तिच्याही शेवटी एकटा बॅकस्लॅश चालत नाही, तो शेवटच्या कोटलाच धरून ठेवतो आणि स्ट्रिंग बंदच होत नाही. पाथसाठी मी आता सरळ फॉरवर्ड स्लॅश लिहितो, विंडोजवरही पायथनला तो चालतो. कालचं फोल्डर तसंच उघडलं.