पोचलेल्या दिवशी ज्वालामुखी नाही

हवाई बेटांमधल्या सगळ्यात मोठ्या बेटावर, कोनाला विमान उतरतं तेव्हा खिडकीतून हिरवं काही दिसतच नाही. सगळं काळं. हुआलालाई ज्वालामुखीतून 1801 साली आलेला लाव्हा इथे समुद्रापर्यंत पसरला आणि त्याच्यावरच हा विमानतळ बांधलाय. इमारत म्हणजे उतरत्या छपरांचे उघडे मंडप. विमानातून उतरायचं आणि उन्हातून चालत बाहेर यायचं. तरुण माणसाला मजा वाटते. गुडघे दुखणाऱ्या सत्तरीच्या माणसाला, पहाटे चारला उठून साडेपाच तास बसून आल्यावर, ते अंतर लांब वाटतं. म्हणून चाकाची खुर्ची मी तिकिटाबरोबरच सांगून ठेवते, नको नको म्हणाले तरी.

कॅलिफोर्नियातल्या मराठी कुटुंबांच्या सहली आखून देणं हा माझा व्यवसाय. बहुतेकांचे आईवडील भारतातून चार-सहा महिन्यांसाठी आलेले असतात आणि मुलांना त्यांना हवाई दाखवायचं असतं. कार्यक्रमाच्या कागदावर पहिल्या दिवशी मी ‘आराम’ एवढंच लिहिते. ते वाचून पुष्कळांना वाटतं की हा दिवस मी रिकामा सोडलाय. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त डोकं मी त्याच दिवसासाठी लावते. उन्हाळ्यात कॅलिफोर्निया हवाईच्या तीन तास पुढे असतो. सकाळी साडेआठला निघालेलं विमान तिथल्या घड्याळात अकराला पोचतं, पण पोटाला दोन वाजलेले असतात. मुक्कामाच्या जागा चार वाजेपर्यंत मिळत नाहीत. हे मधले पाच तास म्हाताऱ्या माणसांना गाडीत नाहीतर बाकावर बसवून काढायचे, हे मला पटत नाही. म्हणून त्याच किनाऱ्यावरच्या वाइकोलोआला तळमजल्यावरचं एक घर मी आदल्या रात्रीपासूनच घेते आणि ‘माणसं दुसऱ्या दिवशी दुपारी येतील’ असं लेखी कळवते, नाहीतर आलेच नाहीत म्हणून आरक्षण रद्द होतं. एका रात्रीचे पैसे जास्त जातात. पहिल्या दिवसाचा खरा खर्च तोच, आणि त्यावर मी कधी घासाघीस करत नाही.

2025 च्या उन्हाळ्यात तीन कुटुंबं एकत्र निघाली, ज्येष्ठ मंडळी बरीच होती, म्हणून मीही सोबत गेले. त्यातले नाना साताऱ्याचे, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, त्यांना दमा.

विमानतळावर फोन चालू झाले आणि सगळ्यांना एकदमच कळलं. याच बेटावरच्या किलाउएआ ज्वालामुखीचा उद्रेक उजाडतानाच सुरू झाला होता. डिसेंबर 2024 पासून हा ज्वालामुखी असाच वागतोय. हालेमाऊमाऊ विवरातून लाव्हाचं कारंजं उसळतं, कित्येकदा 300 मीटरच्याही वर जातं, मग एकदम थांबतं आणि पुढचा आठवडा-दोन आठवडे शांत. त्या उन्हाळ्यात एकेक उद्रेक साधारण अर्धा दिवस चालत होता. म्हणजे सकाळी सुरू झालेला संध्याकाळपर्यंत आटोपणार.

नानांचा मुलगा सामान घेतानाच म्हणाला, “ताई, बेत बदलूया. दोन तासांचा रस्ता आहे. आत्ता निघालो तर दीड-दोनला पोचतो.”

हिशोब बरोबर होता. रस्ता दीडशे किलोमीटरच्या आसपास. आणि नाना गप्प उभे होते. ज्या माणसाने आयुष्यभर सह्याद्रीच्या पायथ्याशी, 6.6 कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हावर उभं राहून मुलांना फळ्यावर ज्वालामुखीचा छेद काढून दाखवला, त्याच्यासाठी तापलेला लाव्हा दोन तासांवर होता. ते काही मागत नव्हते, आणि त्यामुळेच मला बोलणं जड जात होतं.

मी त्यांना बाजूच्या सावलीत बसवलं आणि जे होतं ते सांगितलं. “नाना, आज गेलो नाही तर कारंजं बहुतेक हुकेल. ते मी लपवणार नाही.” मग बाकीचं. गाडी चालवणारा मुलगा पहाटे चारपासून जागा होता आणि आदल्या रात्रीही धड झोपला नव्हता. वाट मौना केआ आणि मौना लोआ या दोन डोंगरांच्या मधून दोन हजार मीटरपर्यंत चढते, तिथे धुकं उतरतं, आणि परतताना अंधार असणार. आणि काकू. कारंजं उसळत असतं तेव्हा गंधकाचा वायू प्रचंड प्रमाणात बाहेर पडतो. त्याचं जे धुरकं होतं त्याला तिथले लोक ‘व्हॉग’ म्हणतात. दमा आणि हृदयविकार असणाऱ्यांनी त्यापासून लांब राहावं, असं किलाउएआ ज्या राष्ट्रीय उद्यानात आहे तिथले अधिकारीही सांगतात. काकूंना तिथे नेणं शक्यच नव्हतं. अनोळखी घरात, पोचल्या पोचल्या, त्यांना मागे ठेवून सगळ्यांनी निघून जाणंही बरं नव्हतं.

मग मी एक मधला रस्ता सुचवला. सून विमानात चांगली झोपली होती. चार वाजता कारंजं चालू असेल तर ती गाडी चालवेल, बरोबर नाना आणि मुलगा जातील, काकूंपाशी मी थांबेन.

“एवढे पैसे घालून आलोय ते झोपायला का?” मुलगा म्हणाला.

नाना म्हणाले, “हिला टाकून आत्ता जायचं नाही. चारला बघू.”

घरी पोचल्यावर सगळं ठरलेल्या क्रमाने झालं. आधी चपला-बूट निघाले, पाय धुतले गेले, आणि काकूंच्या पायांना सूज होती म्हणून उशांवर पाय. मेतकूट, तूप, मऊ भात आणि लिंबाचं लोणचं. मेतकूट आणि लोणचं मी बरोबर नेते, पण कढीपत्ता नाही. हवाईला जाताना शेतमालाचं घोषणापत्र भरावं लागतं आणि ताजी पानं तपासणीसाठी दाखवावी लागतात. बेटावर वेगळी कीड येऊ नये म्हणून तो नियम आहे आणि तो मला अगदी योग्य वाटतो. जेवण झाल्यावर जाड पडदे ओढून खोली काळोखी केली. नातवंडांना दुसऱ्या कुटुंबाबरोबर पोहायला पाठवलं. झोप दीड तासाची, गजर लावून. त्याहून जास्त झोपलं तर रात्रीची झोप जाते आणि पुढचे दोन दिवस बिघडतात. गोळ्यांची वेळ त्या दिवसापुरती कॅलिफोर्नियाच्याच घड्याळाने ठेवायची, हे काकूंच्या डॉक्टरांना आधीच विचारून घेतलेलं होतं.

स्वयंपाकघरात ओट्यावर फोन ठेवून मी विवराचं थेट चित्रण लावलं. 1912 साली स्थापन झालेली हवाईची ज्वालामुखी वेधशाळा विवराच्या कडेला लावलेल्या कॅमेऱ्यांतून हे दाखवते. आवाज बंद, फक्त चित्र. केशरी खांब उसळत होता, वाऱ्याने एका बाजूला कलत होता. मुलगा माझ्या शेजारी उभा राहून बघत होता, झोपायला गेला नाही. तिथल्या पावणेतीनच्या सुमारास खांब बुटका व्हायला लागला. मग नुसते शिंतोडे. मग धूर. काही मिनिटांत संपलं.

तो काही न बोलता बाहेर अंगणात गेला. मीही समजूत घालायला गेले नाही. त्याचा राग खरा होता. वडिलांसाठी त्याने वर्षभर ही सहल जमवली होती.

गजर वाजायच्या आधीच नाना उठून आले.

“थांबलं ना?”

“हो नाना. पावणेतीनला.”

खुर्ची ओढून ते बसले. चहा घेतला. मग विचारलं, “उंची किती होती?”

मी साठवलेलं चित्रण लावून दिलं आणि आकडा सांगितला. नाना म्हणाले, “म्हणजे गावातून अजिंक्यतारा जेवढा वर दिसतो, तेवढं.” चित्रण त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं आणि मुलाला हाक मारून शेजारी बसवलं.

संध्याकाळी सगळ्यांना अनाएहोओमालूच्या किनाऱ्यावर नेलं. घरापासून पाच-सात मिनिटं. वाळूच्या मागे जुन्या हवाईयन लोकांनी राखलेले मासळीचे तलाव आहेत, नारळ आहेत, आणि गाडी किनाऱ्याच्या जवळ लावता येते. पोचलेल्या दिवशी मला अशीच जागा लागते, जिथे चढ नाही, तिकीट नाही, आणि कंटाळा आला तर पाच मिनिटांत घरी जाता येतं. एक हिरवं कासव वाळूवर येऊन पडलं होतं. तीन मीटर लांब राहायचं असतं, पोरांनी ते नीट पाळलं. काकू पाण्यात घोट्यापर्यंत पाय घालून बराच वेळ उभ्या होत्या. सूज उतरली होती. सातच्या सुमारास सूर्य बुडाला, आठला दिवे बंद.

पश्चिमेकडे आल्यावर पहिल्या पहाटे जाग लवकर येते आणि ती मी वाया घालवत नाही. तीनला सगळ्यांचे डोळे आपोआप उघडले. विवरात आता फक्त झळाळ असेल, कारंजं नसेल, हे मी पुन्हा स्पष्ट सांगितलं. वेधशाळेच्या नोंदीत वायूचं प्रमाणही एकदम खाली आलं होतं, म्हणजे आता काकूही येऊ शकत होत्या. साडेतीनला निघालो, स्वेटर घालून. उद्यान चोवीस तास उघडं असतं. मुलगा रात्रभर झोपला होता, गाडी त्यानेच चालवली.

उजाडायच्या आधी आम्ही कड्यावर पोचलो. खाली अंधारात ज्वालामुखीच्या तोंडाजवळ लाल उजेड होता, आणि नवा लाव्हा भेगा-भेगांतून अजून लाल दिसत होता. नाना कठड्याला धरून उभे. उजेड वाढल्यावर नातवाला त्यांनी वाटेच्या कडेचा जुना, दोरखंडासारखा वळलेला लाव्हा दाखवला आणि दख्खनच्या थरांतही असल्या वळ्या सापडतात, हे सांगायला सुरुवात केली. शेजारचे दोन अमेरिकन मुलगेही भाषा कळत नसताना थांबून बघायला लागले. काकूंना खोकला आला नाही. तिथून कोणीही दगड उचलला नाही. तसं करायला बंदी आहे आणि ज्वालामुखीच्या पेले देवीला मानणाऱ्यांच्या भावनेचाही प्रश्न आहे.

उरलेली सहल ठरल्याप्रमाणे झाली. वेधशाळेने पुढच्या कारंज्याचा जो अंदाज दिला, तो आमच्या परतीच्या तारखेनंतरचा होता. नानांना भारतात परतायला अजून वेळ होता. घरी आल्यावर मुलाचा फोन आला: फक्त बाबा आणि मी, पुन्हा जायचंय, आखून दे.

या वेळी मी त्यांना कोनाऐवजी हिलोला उतरवलं, तिथून उद्यान पन्नास किलोमीटरच्या आत आहे. मुक्काम उद्यानाच्या दाराजवळच्या व्होल्केनो गावात ठेवला, म्हणजे पोचलेल्या दिवशी झोपूनही विवर दहा मिनिटांवर. अंदाजाची पहिली तारीख येण्याच्या एक दिवस आधी पोचायचं, आणि तिकिटं बदलता येणारी. काकू त्या काळात मुलीकडे राहणार होत्या. कागदावर पहिल्या दिवसासमोर ‘आराम’ लिहून मी तो पाठवून दिला. मुलाने त्यात काही बदल सुचवला नाही.