कंट्रोलच्या रिंगाही सैल होईनात

नवतपा सुरू होता, बाहेर पारा ४५ च्या आसपास. म्हणून उंदरांचं काम सकाळी सातलाच उरकायला घेतलं. टेबलवर दोन विस्टार उंदीर. एक कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा निरोगी, दुसऱ्याला चार आठवड्यांपूर्वी कातडीखाली मोनोक्रोटालिन दिलेलं, किलोमागे ६० मिलिग्रॅम, एकदाच. आपल्याकडे हिरवळीच्या खतासाठी जो ताग पेरतात त्याच्याच गोतातल्या, खुळखुळ्यासारख्या झुडपांत हे द्रव्य असतं. यकृतात त्याचं विषारी पायरॉल होतं. यकृतातून निघालेलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूने सरळ फुप्फुसात जातं, त्यामुळे पहिला मार तिथल्या धमन्यांच्या आतल्या अस्तराला, म्हणजे एंडोथेलियमला बसतो. तीन-चार आठवड्यांत धमन्यांच्या भिंती जाड होतात, पोकळी अरुंद होते आणि त्या अडथळ्याविरुद्ध रक्त ढकलून ढकलून उजवा कप्पा जाडजूड होतो. माणसातल्या पल्मनरी हायपरटेन्शनची, म्हणजे फुप्फुसधमन्यांतल्या वाढलेल्या रक्तदाबाची, ही पूर्ण नक्कल नाही. माणसाच्या फुप्फुसात दिसणाऱ्या प्लेक्सिफॉर्म गाठी या उंदरांत होत नाहीत, शिवाय विषाचा काही भार यकृतावरही पडतो. पण एंडोथेलियम बिघडल्यावर धमनी कशी वागते हे पाहायला हे मॉडेल चांगलं.

आधी दाब. मानेच्या उजव्या शिरेतून हेपरिन-सलाइनने भरलेली बारीक नळी आत सरकवली. नळी कुठवर पोचली ते स्क्रीनवरच्या लाटा सांगतात: कर्णिकेत लाट बुटकी, झडप ओलांडली की ती एकदम उंच होते आणि प्रत्येक ठोक्याला जवळपास शून्यावर उतरते. आयसोफ्लुरेन दीड-दोन टक्क्यांवर ठेवावं लागतं. भूल खोल गेली की दाब आपोआप पडतो आणि आजारी उंदीरही बरा दिसायला लागतो. कंट्रोलचा सिस्टॉलिक दाब २४ मिमी पारा, दुसऱ्याचा ६२. नंतर हृदय उघडून उजवा कप्पा वेगळा तोलला, डावा कप्पा आणि मधला पडदा एकत्र तोलला. पहिल्या वजनाला दुसऱ्याने भागलं की फुल्टन इंडेक्स मिळतो. कंट्रोलला ०.२६, मोनोक्रोटालिनला ०.५५. आजार पक्का होता, शंकेला जागा नव्हती.

खरं काम धमनीचं: तिचे आडवे काप, म्हणजे रिंगा, हुकांवर ताणून त्या औषधाने किती आवळतात आणि किती सैल होतात ते पाहायचं. हृदय-फुप्फुसांचा एकत्र तुकडा बर्फगार क्रेब्समध्ये, म्हणजे क्षार आणि ग्लुकोजच्या द्रावणात, घेतला. धमनी आणि शीर यांत नवख्याची गल्लत होते, म्हणून उजव्या कप्प्यापासूनच धमनीचा माग काढत जायचं. उंदराच्या फुप्फुसशिरेच्या भिंतीत हृदयाच्या स्नायूचं आवरण बरंच आतपर्यंत गेलेलं असतं. चुकून तिची रिंग लावली तर ती आपली आपणच फडफडते. चरबी कात्रीने सोडवायची, ओढायची नाही. चिमटा पोकळीत घालायचा नाही. आत रक्त राहू द्यायचं नाही, कारण अस्तरातून सुटून धमनी सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड हिमोग्लोबिन गिळतं आणि मग रिंग विनाकारण आजारी वाटते.

क्रेब्सच्या एका लिटरला मीठ ६.९ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३५, सोडियम बायकार्बोनेट २.१, ग्लुकोज २, शिवाय थोडं मॅग्नेशियम सल्फेट आणि पोटॅशियम फॉस्फेट. कॅल्शियम सगळ्यात शेवटी आणि तेही ९५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर. आधी घातलं तर कार्बोनेट-फॉस्फेट बसतं, पाणी दुधाळ होतं आणि रिंगेला कॅल्शियमच उरत नाही. उन्हाळ्यात आणखी एक नड: बाथचं, म्हणजे रिंगा बुडवायच्या भांड्यांचं, सर्क्युलेटर पाणी फक्त तापवतं, थंड करत नाही. खोली ३७ च्या वर गेली की बाथही वर जातो. त्यामुळे एसी बंद पडला तर प्रयोग बंद. कूलर लावून भागत नाही, त्याची दमट हवा ताण मोजणाऱ्या ट्रान्सड्यूसरला चालत नाही.

१० मिलिलिटरचे चार बाथ. पहिल्या दोनांत कंट्रोलच्या डाव्या फुप्फुसधमनीच्या दोन रिंगा, तिसऱ्यात मोनोक्रोटालिनची, चौथ्यात कंट्रोलच्याच महाधमनीची. रिंगा दोन-तीन मिलिमीटर लांबीच्या. फुप्फुसधमनीला एक ग्रॅम ताण, महाधमनीला दोन. दर पंधरा मिनिटांनी वॉश देत दीड तास स्थिरावू दिल्या. मग ६० मिलिमोलर पोटॅशियम दिलं. त्या द्रावणात तेवढंच सोडियम कमी केलेलं असतं, नाहीतर क्षारांची एकूण तीव्रता वाढून वेगळाच परिणाम येतो. चारही रिंगा दणकून आवळल्या, म्हणजे स्नायू जिवंत होता. वॉश, मग धमनी आवळणारं फिनाइलएफ्रिन, एक मायक्रोमोलर. रेष वर चढून सपाट झाली आणि ॲसिटिलकोलीनच्या (ते शाबूत अस्तराकडून नायट्रिक ऑक्साइड सोडवून धमनी सैल करतं) पायऱ्या सुरू केल्या, एक नॅनोमोलरपासून दहा मायक्रोमोलरपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या लॉगने, म्हणजे दर पायरीला सुमारे तिप्पट.

मोनोक्रोटालिनची रिंग जेमतेम हलली. आमची पीएचडीची विद्यार्थिनी खूष झाली, "मॅडम, अगदी पेपरातल्यासारखा कर्व्ह आलाय." तेवढ्यात पहिल्या दोन चॅनेलकडे नजर गेली. कंट्रोलच्या रिंगाही जागच्या हलेनात. दहाएक टक्के उतरून त्या तशाच राहिल्या.

त्या दिवसाचं सगळं इथे होतं. एंडोथेलियम आजाराने गेलेलं असो की हाताळताना खरवडलेलं असो, रेष तंतोतंत सारखीच येते. त्या सकाळी नुसत्या मोनोक्रोटालिनच्या रिंगा लावल्या असत्या तर तो कर्व्ह आकृतीत गेला असता आणि कोणाला संशयही आला नसता.

बिघाड शोधताना आमचा क्रम ठरलेला आहे: आधी स्नायू, मग औषध, मग पाणी आणि वायू, शेवटी हात आणि हत्यारं. वॉश देऊन पुन्हा फिनाइलएफ्रिनने आवळलं आणि सोडियम नायट्रोप्रुसाइड दिलं. हे स्वतःच नायट्रिक ऑक्साइड सोडतं, त्याला एंडोथेलियम लागत नाही. चारही रिंगा तळापर्यंत सैल झाल्या, म्हणजे स्नायूचं यंत्र शाबूत होतं. ॲसिटिलकोलीन मेलं असावं का? ते अल्कलीत झपाट्याने तुटतं, म्हणून पहिला संशय नेहमी त्याच्यावर जातो. पण त्याच कुपीने चौथ्या बाथमधली महाधमनी सुरेख सैल झाली होती. क्रेब्स चौघांना एकाच टाकीतून, वायू एकाच सिलिंडरचा, गरम पाणी एकाच सर्क्युलेटरचं. तेही सुटले. शिवाय एक खूण आधीपासून समोर होती. फिनाइलएफ्रिनचं आवळणं पोटॅशियमच्या तुलनेत नेहमीपेक्षा जास्त आलं होतं. निरोगी अस्तर एरवीही थोडं थोडं नायट्रिक ऑक्साइड सोडत असतं आणि आवळण्याला लगाम घालतं. तो लगाम सुटला होता.

मग चौथा बाथ बाकीच्या तिघांपेक्षा वेगळा कशात? हुकांत. महाधमनीला जुने जाड हूक होते. फुप्फुसधमनीसाठी शहरातल्या एका वर्कशॉपमधून नवे बारीक हूक करून आणले होते आणि ते त्या दिवशी पहिल्यांदाच वापरात होते. हूक धुणारे आमचे अटेंडंट काका तोवर मागे येऊन उभे होते. "मॅडम जी, हे नवे हूक कापूस धरून राहिले ना. पुसतानाच म्हटलं मी." स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली ४० पटींवर पाहिलं. तार पकडीने तोडल्यामुळे टोकाला आतल्या बाजूला वळलेली कूस राहिली होती, माशाच्या गळाला असते तशी. एवढीशी धमनी त्यावरून सरकवताना ती कूस पोकळीभर ओरखडत जाणार हे उघड होतं.

पुरावा दोन बाजूंनी घेतला. कंट्रोलची उजवी धमनी थंड क्रेब्समध्ये राखून ठेवली होती, तिची रिंग जुन्या बारीक हुकांवर लावली. तीच कुपी, तेच पाणी, आणि रिंग ऐंशी टक्क्यांच्या वर सैल झाली. दुसरीकडे नव्या हुकावरची रिंग उभी चिरून, उलगडून सिल्व्हर नायट्रेटने रंगवली. आधी पाच टक्के ग्लुकोजने नीट धुवायचं. क्लोराइड राहिलं तर सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका बसून काही दिसत नाही. मग पाव टक्का सिल्व्हर नायट्रेट अर्धा मिनिट, पुन्हा धुवायचं आणि उजेडात ठेवायचं. खिडकीतल्या मेच्या उन्हात रंग बघता बघता चढला. शाबूत रिंगेत पेशींच्या कडांची काळी जाळी सलग दिसते. इथे मधला मोठा पट्टा कोरा होता, कडेला जाळीची चार बेटं तेवढी शिल्लक.

फर्चगॉट आणि झावाद्झ्की यांनी १९८० साली सशाच्या महाधमनीवर दाखवलं ते नेमकं हेच. आतलं अस्तर घासलं गेलं की ॲसिटिलकोलीनने धमनी सैल होत नाही. त्या धाग्यावरून पुढे नायट्रिक ऑक्साइडपर्यंत पोचता आलं आणि १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि म्युराड यांना मिळालं. आमच्या हुकाने तोच प्रयोग न विचारता केला होता.

नागपुरात या अस्तराच्या हिशेबाला वेगळी निकड आहे. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत आणि मोठं झाल्यावर त्यांच्यातल्या काहींना पल्मनरी हायपरटेन्शन गाठतं. त्यांच्या तांबड्या पेशी फुटत राहतात, प्लाझ्मात मोकळं हिमोग्लोबिन येतं आणि ते नायट्रिक ऑक्साइड तिथल्या तिथे संपवतं. अस्तर जागेवर असूनही धमनीला ते मिळत नाही. उजव्या बाजूच्या कॅथेटरने मोजलेला फुप्फुसधमनीचा सरासरी दाब २० मिमीच्या वर गेला की आजार धरायचा, असं २०१८ पासून ठरलं. त्याआधी ही रेघ २५ वर होती. अस्तर नाही, की अस्तर आहे पण त्याचा माल पोचत नाही, हे वेगळं ओळखता आलं नाही तर औषधाचा अंदाजच चुकतो.

हूक परत पाठवले नाहीत, प्रयोगशाळेतच दुरुस्त केले. टोक बारीक तेलदगडावर गोल केलं, पॉलिश केलं, अल्ट्रासॉनिक बाथमध्ये धुतलं, मग अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटर. शेवटची परीक्षा काकांच्या पद्धतीची: कोरड्या कापसावरून ओढायचा, एक तंतू जरी अडकला तरी तो हूक बाद. त्या दिवसाची ॲसिटिलकोलीनची सगळी नोंद, मोनोक्रोटालिनचीसुद्धा, रद्द केली. दाब आणि फुल्टन इंडेक्स ठेवले, त्यांचा हुकाशी संबंध नव्हता.

बऱ्याच ठिकाणी नियम असतो की ॲसिटिलकोलीनला ठरावीक टक्के सैल न होणारी रिंग खराब समजून सोडायची. निरोगी धमनीसाठी तो योग्य आहे. आजारी धमनीवर तो लावला तर आजारच गाळला जातो, आणि मोकळा सोडला तर ओरखडे आजार म्हणून आत येतात. म्हणून आता अट कंट्रोलवर आहे. रोज कंट्रोलची रिंग शेजारी लागतेच आणि ती सत्तर टक्क्यांच्या खाली राहिली तर तो अख्खा दिवस बाद. मोनोक्रोटालिनच्या रिंगेला पोटॅशियमने पुरेसं आवळणं आणि नायट्रोप्रुसाइडने पूर्ण सैल होणं एवढंच पुरे. रिंग लावणाऱ्याला कुठला उंदीर ते माहीत नसतं. शिवाय रोज कंट्रोलची एक रिंग मुद्दाम दोरा फिरवून खरवडतो, म्हणजे अस्तर नसलेली रेष कशी येते ते त्याच कागदावर असतं.

दुरुस्त हुकांवर मोनोक्रोटालिनची रिंग खरवडलेलीपेक्षा स्पष्ट जास्त सैल होते, कंट्रोलपेक्षा बरीच कमी. ही मधली शिल्लक आधी दिसतच नव्हती. नायट्रिक ऑक्साइड बनणं रोखणारं एल-नेम १०० मायक्रोमोलर दिलं की तीही जाते, म्हणजे ती नायट्रिक ऑक्साइडचीच आहे. नायट्रिक ऑक्साइडमुळे स्नायूत सीजीएमपी हा सैल करणारा रेणू तयार होतो. सिल्डेनाफिल हे औषध त्याचं विघटन थांबवतं, पण तो सीजीएमपी आधी तयार व्हायला हवा, म्हणून त्याचा जोर या शिलकीवर अवलंबून. रिओसिग्वाट हे दुसरं औषध सीजीएमपी बनवणाऱ्या ग्वानिलेट सायक्लेज या एन्झाइमला थेट चेतवतं, नायट्रिक ऑक्साइड नसलं तरी. पुढच्या तुकडीत दोन्ही औषधं एकाच धमनीच्या शेजारशेजारच्या रिंगांवर, एल-नेमसह आणि एल-नेमशिवाय, लावायची आहेत.