फादर झाल्बांचा प्रश्न

रविवार, रात्री

विवाहपूर्व शिबिरात आज नैसर्गिक कुटुंबनियोजनाचं सत्र आम्हा दोघांकडे होतं. तापमानाचा तक्ता, चक्राचे दिवस, सगळं सांगून झालं आणि मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, गोळ्या, निरोध चालत नाही ही शिकवण प्रमादातीत, म्हणजे चुकूच न शकणारी आहे, की नुसता नियम?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. फादर चहाला गेले होते, माझ्या मते मुद्दामच.

तिला सांगितलं ते असं. पोपच्या प्रमादातीत घोषणेला १८७० च्या व्हॅटिकन परिषदेने कडक अटी घातल्या. त्यानंतर तशी घोषणा एकदाच झाली, १९५० साली, मरिया सदेह स्वर्गात घेतली गेली ही. पोप सहाव्या पॉलचं १९६८ चं 'ह्युमाने व्हिते', म्हणजे संततिनियमनाची कृत्रिम साधनं नाकारणारं पत्र, त्यात बसत नाही. ते पत्रकारांपुढे ठेवणाऱ्या मॉन्सिन्योर लाम्ब्रुस्किनींनीच तसं स्पष्ट केलं होतं.

मुलीचा चेहरा खुलला. म्हणून लगेच पुढचंही सांगावं लागलं, की प्रमादातीत नाही म्हणजे ऐच्छिक असं होत नाही. पोपच्या अशा शिकवणीलाही मनाने आणि बुद्धीने मान द्यावा, असं दुसरी व्हॅटिकन परिषद सांगते. चेहरा पुन्हा पडला.

खरी मेख तिला सांगितलीच नाही. जगभरचे बिशप पोपसह एकमताने एखादी गोष्ट अंतिम म्हणून शिकवत असतील, तर घोषणेवाचूनही ती प्रमादातीत ठरते. फोर्ड आणि ग्रिसे या धर्मपंडितांनी १९७८ साली हाच आधार घेतला: संततिनियमनाला शतकानुशतकं एकमुखाने विरोध झाला, मग आणखी काय हवं? रोमचे जेझुइट धर्मपंडित सलिव्हन यांना ते पटलं नाही. मलाही पटत नाही. धर्मसभेच्या कायद्याचं ७४९ वं कलम म्हणतं, उघड सिद्ध झाल्याशिवाय कोणतीही शिकवण प्रमादातीत धरू नये. इतके विद्वान इतकी वर्षं भांडताहेत, तर ते 'उघड' कसलं?

पण मला या कलमांपेक्षा 'ह्युमाने व्हिते'च्या आधी संततिनियमनाचा विचार करायला नेमलेल्या आयोगाचंच जास्त नवल वाटतं. पोप तेविसाव्या जॉननी १९६३ साली सहा जणांचा नेमला, पॉलनी वाढवत नेला. त्यात विवाहित जोडपीही होती आणि शेवटी नेमलेल्या बिशपांत आपल्या मुंबईचे कार्डिनल ग्रेशस. बहुमत बदलाच्या बाजूने गेलं. अल्पमतात हेच फोर्ड होते आणि स्पॅनिश जेझुइट झाल्बा. त्यांचं म्हणणं सरळ होतं: १९३० साली अँग्लिकनांनी संततिनियमनाला मुभा दिली आणि पोप अकराव्या पायसनी ते निषिद्ध ठरवलं; आता बदललं, तर तेव्हा पवित्र आत्मा पायसऐवजी अँग्लिकनांच्या बाजूने होता असं कबूल करावं लागेल! झाल्बांनी विचारलं, हे नियम चुकीचे असतील तर आपण नरकात धाडलेल्या लाखो लोकांचं काय? त्यावर आयोगातल्या जोडप्यांपैकी शिकागोच्या पॅटी क्राउली म्हणाल्या म्हणे, फादर, तुमचे सगळे हुकूम देवाने पाळले असतील असं तुम्हाला खरंच वाटतं?

म्हणजे वाद गोळीचा कमी आणि 'आम्ही चुकलो' म्हणता येण्याचा जास्त. धर्मपंडित हान्स क्युंगनीही हेच हेरलं. आयोगाचं बहुमत असूनही पॉलना मागे फिरता आलं नाही, कारण मागच्यांचा शब्द त्यांच्या लेखी मोडता येण्याजोगा नव्हता. प्रमादातीत असा शिक्का कुठेच नाही, तरी वागणं मात्र शिक्का मारल्यासारखं.

सत्र संपल्यावर ती पोरगी जिन्यात भेटली. "मग कुमसारात, पापं कबूल करताना, हे सांगायचं की नाही?"

"तुझ्या फादरांना विचार," म्हटलं. प्रामाणिकपणे प्रयत्न करूनही ज्यांना ही शिकवण पाळणं जमत नसेल, त्यांनी सदसद्विवेकाने घेतलेला निर्णय कॅनडाच्या बिशपांनी १९६८ सालीच विनिपेगला समजून घेतला होता. हे तिला सांगितलं नाही. शिबिरात काय सांगायचं ते आम्हाला लिहून दिलेलं असतं, आणि आमचे बिशप वसईचे, कॅनडाचे नव्हेत.